आदराने जाळलेले झेंडे

एका जंगलात वेणू नावाची एक टिटवी राहायची. टिटवी तुम्ही पाहिलीच असेल. लांब पिवळे पाय, डोळ्यांपुढे लाल झालर, आणि कुणी शिंकलं तरी उडून आरडाओरडा. वेणू तशीच होती, थोडी जास्तच. पान पडलं की दचकायची. बराच वेळ पान पडलं नाही तरी दचकायची. म्हणायची, आता हे काय नवीन?

झोपताना ती पाय वर करून झोपायची. का, तर आभाळ पडलं तर कुणीतरी धरायला हवं. आभाळ कधीच पडलं नाही. त्यामुळे पाय वर केल्याचा उपयोग होतो, अशी तिची खात्री झाली होती.

हसू नका. परीक्षेला जाताना तुम्हीसुद्धा तोच जुना पेन नेता.

वेणू शिकलेली होती. वडाखालच्या कॉलेजात चांगल्या मार्कांनी पास झाली होती. आणि तिच्याकडे एक जबाबदारीचं काम होतं. ती जंगलाचा झेंडा राखायची.

झेंडा हिरवागार होता, मधोमध एक पिवळं पान. सुगरणी तो गवताच्या काडीकाडीने विणायच्या. वर्षभर ऊनवारा खाऊन तो विरायचा. विरलेला झेंडा फडकवायचा नाही, असा नियम होता. फेकायचा नाही, असाही नियम होता. त्याने पाय पुसायचे नाहीत, हे खरं तर लिहायची गरज नव्हती; पण जंगलात माकडं होती, म्हणून लिहिलं होतं.

मग करायचं काय? तर संध्याकाळी, एकांतात, मान खाली घालून त्याला अग्नी द्यायचा. नवा झेंडा तोवर काठीवर चढलेला असायचा.

हे काम टिटव्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. वेणूचे वडील, आप्पा, जाताना तिला दोन गारगोट्या देऊन गेले. म्हणाले, "पोरी, ह्या गारगोट्यांनी आपल्यात कुणी कधी दुसरं काही पेटवलं नाही. तूही पेटवू नकोस." वेणूने इतक्या वेळा मान हलवली, की आप्पांनाच चक्कर आली.

वेणूचं झेंड्यावर प्रेम होतं. मिरवायचं नव्हे, खरं. अग्नी देताना तिचे डोळे भरून यायचे. धुरानेही येत असतील. पण सगळंच काही धुराने नव्हतं.

आता पुढची गोष्ट नीट ऐका.

त्या जंगलाचा राजा होता एक गवा. अंगाने डोंगराएवढा. मन मात्र जाईच्या कळीसारखं. जरा काही लागलं की मिटलंच. आणि त्याचा प्रधान होता मोर. मोराला जंगलात सगळ्यात जास्त काय आवडायचं? पाणवठा. पाण्यासाठी नव्हे. पाण्यात तो स्वतः दिसायचा म्हणून.

एके दिवशी मोर म्हणाला, "महाराज, आपला झेंडा पाणवठ्याच्या मधोमध लावावा."

"पाण्यात? कशाला?"

"प्रतिबिंब पडेल, महाराज. एक लावला की दोन दिसतील."

राजाने विचार केला. "शेजारच्या जंगलात किती आहेत?"

"एकच, महाराज."

"लावा!" राजा म्हणाला.

लावला. जंगलातला सगळ्यात उंच सागाचा बुंधा पाण्यात रोवला. वर झेंडा फडकला, खाली पाण्यात दुसरा फडकला. सगळ्या जनावरांनी टाळ्या वाजवल्या. वेणूनेही पंख वाजवले. दिसत होतंच तसं सुंदर.

मग एक हरीण पाणी प्यायला खाली वाकलं.

पाणी हललं. पाण्यातला झेंडा वाकडा झाला, लांबला, त्याचे तुकडे झाले. राजाच्या काळजाचेही झाले.

"अपमान!" राजा हंबरला. "झेंडा मोडला!"

"महाराज, मी फक्त पाणी..." हरीण म्हणालं.

"फक्त!" मोर म्हणाला. "झेंड्यापुढे पाणी फक्त!"

संध्याकाळी दवंडी पिटली. पाणवठ्याला कुणी तोंड, चोच, सोंड वा शेपूट लावू नये. पाणी हलता कामा नये. तहान लागल्यास डोंगरापलीकडे नदी आहे, तिथे जावं. तहान फारच लागल्यास झेंड्याकडे बघावं.

तुम्ही विचाराल, राजा कुठे पाणी प्यायचा? त्याचा गुहेमागे स्वतःचा झरा होता. त्यात प्रतिबिंब पडत नव्हतं, म्हणून त्याबद्दल काही नियम नव्हता.

जनावरं कुरकुरली आणि डोंगर चढायला लागली. वेणू कुरकुरलीसुद्धा नाही. नियम म्हणजे नियम, असं तिला वाटायचं. कुणीतरी वर बसलेलं आहे, त्यांनी विचार केला असेल, आपण कशाला? पण नेमकी त्याच दिवसांत वेणूने अंडी घातली होती.

टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या माळावर, खड्यांमध्ये अंडी घालते. ती खड्यांसारखीच दिसतात, म्हणून सापाला सापडत नाहीत. पण उन्हाला सापडतात. चैत्राच्या उन्हात खडे इतके तापतात, की अंडी उबवायची गरज नसते, शिजू नयेत म्हणून जपावी लागतात. मग टिटवी काय करते? पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते, आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. पोट वाळलं की पुन्हा जाते. मधल्या वेळात टिटवा सावली धरतो. असं दिवसभर.

पाणवठा माळाला लागूनच होता. आता मात्र डोंगरापलीकडे जायचं. वेणू नदीवर जायची, पोट चिंब भिजवायची, जिवाच्या आकांताने परत उडायची. येईपर्यंत पोट खडखडीत कोरडं.

"अहो, ओलं आहे का बघा ना," ती नवऱ्याला म्हणायची.

तिचा नवरा भिवा पंख पसरून अंड्यांवर सावली धरून उभा असायचा, चोच वासून. तो चोच लावून बघायचा. "दमट आहे," म्हणायचा. तेवढंच बायकोला बरं वाटावं म्हणून.

माळावरून पाणवठा दिसायचा. गार, निळा, जराही न हलणारा. वेणू त्याच्याकडे बघायची नाही. बघणं हा गुन्हा नव्हता, पण तिला खात्री नव्हती.

त्या जंगलात सखाराम नावाचा एक साळिंदर होता. अंगावर काटे, बोलण्यातही काटे. उन्हाळ्यात म्हणायचा, ऊन का आहे? पावसाळ्यात म्हणायचा, गेलं कुठे ऊन? तो मात्र कुरकुरून थांबला नाही. एके सकाळी तो पाणवठ्याच्या काठावर आला. हातात सुगरणींकडून आणलेला नवा झेंडा, आणि कुठूनशी पैदा केलेल्या गारगोट्या. आधी त्याने गर्दी जमू दिली. मग बातमीदार कावळा फांदीवर नीट बसला की नाही ते पाहिलं.

"बसलास?" त्याने विचारलं.

"जरा डावीकडे सरक," कावळा म्हणाला. "उजेड येतोय."

साळिंदर डावीकडे सरकला आणि ओरडला, "ज्या झेंड्याखाली पाणी असून प्यायला मिळत नाही, तो झेंडा हा असा!" आणि त्याने झेंडा पेटवला.

वेणू तेव्हा नदीवरून परत येत होती. ते बघून ती हवेतच अडखळली. हा झेंडा! भरदिवसा! विरलेलासुद्धा नव्हता! ती खाली उतरली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडली.

"सखारामभाऊ, लाज नाही वाटत? त्याची एकेक काडी सुगरणींनी चोचीने विणलेली असते!"

"वेणूताई," साळिंदर म्हणाला, "तुझी अंडी कशी आहेत?"

वेणूची चोच उघडी राहिली. तिला बोलायचं होतं ते झेंड्याबद्दल होतं. ह्याने अंडी कुठून काढली? ती उडून गेली. दिवसभर तिला त्याचा राग आला. रात्री पाय वर करून झोपली तेव्हाही आला. पण प्रश्न काही पडला नाही, तो तसाच वर राहिला, आभाळासारखा.

इकडे राजदरबारात हाहाकार उडाला. राजा कडब्याच्या तीन पेंढ्या खाऊनही शांत होईना. मोराने पिसारा फुलवून विचारलं, साळिंदराला शिक्षा काय? तेव्हा लक्षात आलं की झेंडा जाळू नये असा नियमच जंगलात नाही. इतक्या वर्षांत कुणाला सुचलंच नव्हतं. पाणवठा बंद करायचंही कुणाला सुचलं नव्हतं म्हणा.

लगेच कायदा झाला. 'जो कोणी झेंड्याला आग लावील, तो पावसाळा संपेपर्यंत गुहेत कैद.' बस. एवढाच.

पण कायदा झाला आज, झेंडा जळाला काल. साळिंदराला धरता येईना. साळिंदर फार हिरमुसला. तो गुहेत घालायला अंथरूणही घेऊन आला होता.

"निदान चौकशी तरी करा," तो शिपायांच्या मागे लागला.

"बघू, बघू," शिपाई म्हणाले.

आणि मग ती संध्याकाळ आली.

पाणवठ्यावरचा मोठा झेंडा वाऱ्याने विरला. कडेच्या काड्या सुटल्या. नियमाप्रमाणे वेणूने नवा चढवला, जुना उतरवला, घडी करून माळाच्या टोकाला नेला. गारगोट्या काढल्या. आणि तिथे ती जी थांबली, ती थांबलीच.

जुना नियम म्हणतो, विरलेला झेंडा जाळलाच पाहिजे. नवा कायदा म्हणतो, जाळला तर गुहा. जाळला नाही तर अपमान. जाळला तर गुन्हा. ती डाव्या पायावर उभी राहिली. मग उजव्या पायावर. दोन्ही पायांवर उभं राहून पाहिलं, तरी उत्तर तेच.

शेवटी तिला आप्पा आठवले. तिने मान खाली घातली आणि गारगोटीवर गारगोटी घासली.

झेंडा जळाला. आग विझली. तिने राख चोचीने गोळा केली, पळसाच्या पानात बांधली. तेवढ्यात मागून आवाज आला, "हं! सापडलीस!"

वेणू दचकली. टिटवी दचकली की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. सगळं जंगल जागं झालं.

मागे हवालदार उभा होता. रानकुत्रा. बिचारा नवा कायदा पाठ करत करत गस्त घालत होता, आणि गुन्हा त्याच्यासमोर स्वतःच चालत आला होता.

"हवालदारसाहेब, हे माझं कामच आहे," वेणू म्हणाली. "दरवर्षी करते. तुम्हीसुद्धा बघितलंय."

"तेव्हा गुन्हा नव्हता, म्हणून दिसलं नाही," हवालदार म्हणाला. "चला, बाई."

"पण माझी अंडी!"

"अंड्यांवर काही आरोप नाही. ती राहू देत."

दुसऱ्या दिवशी न्यायालय भरलं. न्यायमूर्ती होते कासवराव. फार विचारी. अवघड प्रश्न आला की ते डोकं आत घेत आणि तो सुटेपर्यंत बाहेर काढत नसत. काही खटले त्यांनी तसेच संपवले होते.

सगळं जंगल जमलं. राजा शिळेवर बसला. साळिंदर पहिल्या रांगेत, जळफळत. "पहिली अटक माझी व्हायची होती," तो शेजारच्या सशाला म्हणाला. "हिने कधी साधी तक्रारसुद्धा केली नाही हो!"

वेणू मधे उभी होती, पंखाखाली राखेची पुडी धरून. तिथून तिला माळ दिसत होता. माळावर भिवा पंख पसरून उभा होता. सूर्य अजून झाडांमागे होता. झाडांवर आला की भिवाची सावली पुरणार नव्हती.

मोर सरकारतर्फे उभा राहिला. "झेंडा जाळलास?"

"हो."

"लपून?"

"लपून नाही. एकांतात. नियम आहे."

"एकांतात म्हणजेच लपून. जाळल्यावर घोषणा दिलीस, हे हवालदाराने ऐकलंय."

"ती घोषणा नव्हती. मी दचकले होते."

"कायदा लागू झाल्यावर दचकायला काय झालं?" मोराने गर्दीकडे बघून विचारलं. गर्दीतल्या बऱ्याच जणांना दचकायला झालं, पण ते गप्प राहिले.

कासवरावांनी मान पुढे काढली. "बाई, मला एवढंच सांगा. जाळताना तुमच्या मनात काय होतं? आदर, की निषेध?"

वेणूने खरं सांगायचं ठरवलं. खोटं बोलायला तिची हिंमत नव्हती. "आदर होता," ती म्हणाली. "आणि भीती होती. आणि अंडी होती. न्यायमूर्ती, जरा लवकर सांगता का? ऊन चढतंय."

कोणीतरी फिदीफिदी हसलं. कासवरावांनी डोकं आत घेतलं.

सगळे थांबले. ऊन सागाच्या शेंड्यापर्यंत आलं.

तेवढ्यात साळिंदर उठला. "मी बोलू? मी पेटवला तेव्हा तुम्ही म्हणालात, आग लावली की अपमान झाला. हिनेही आगच लावली. माझी आग अपमान, आणि हिची काय आरती?"

"तुझ्या मनात राग होता," मोर म्हणाला.

"हिच्या मनात नाही, हे तुम्ही बघून आलात?"

"हिने मान खाली घातली होती!"

"मी पण घालतो," साळिंदर म्हणाला. "त्यात काय?"

वेणूला त्याचा पुन्हा राग आला. तिला वाटलं, हा माझ्या बाजूने बोलतोय की माझ्या जिवावर बोलतोय? मग तिला वाटलं, दोन्ही असेल. ती म्हणाली, "सखारामभाऊंनी जाळला तेव्हा मला वाईट वाटलं. अजून वाटतं. पण मला वाईट वाटलं म्हणून त्यांना गुहेत टाकून माझं वाईट वाटणं थांबणार आहे का? आणि आता सगळ्यांना वाईट वाटलंय, सगळे जमलेत. पाणी बंद केलं त्या दिवशी कुणी न्यायालय नाही भरवलं."

असं बोलल्यावर ती इतकी घाबरली, की स्वतःच्याच आवाजाने दचकली.

राजा शिळेवर जरा सरकून बसला.

कासवरावांचा आवाज कवचातून आला. "राखेचं काय केलंत?"

"माझ्यापाशी आहे," वेणू म्हणाली. पुडी दाखवली. "राख जवळच्या पाण्यात सोडायची असते. नदीवर नाही चालत. जवळच्याच. पाण्यात उतरायचं, राख सोडायची. मग सोडणाऱ्याने पोटापर्यंत भिजायचं." ती थांबली. माळावर भिवाने पंख आणखी ताणले होते. "आणि एक घोट घ्यायचा," ती म्हणाली.

आता तो घोट आप्पांनी शिकवला होता, की वेणूला तिथे उभ्या उभ्या सुचला, हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही अजून लहान आहात.

"पाण्यात उतरायचं?" मोर किंचाळला. "पाणी हलेल! प्रतिबिंब मोडेल!"

कासवरावांचं डोकं हळूहळू बाहेर आलं. "आणि राख सोडली नाही तर?"

"तर झेंडा अर्ध्यातच राहिला," वेणू म्हणाली. "ना काठीवर, ना पाण्यात."

"हा तर फार मोठा अपमान," कासवराव म्हणाले. ते राजाकडे वळले. "महाराज, आता आपणच सांगा. खरा झेंडा मोठा, की प्रतिबिंबातला?"

राजाने काठीवरच्या झेंड्याकडे बघितलं, मग पाण्यातल्या. सगळी जनावरं त्याच्याकडे बघत होती. मोर मानेने खुणा करत होता. पण मोराच्या मानेकडे कुणी बघत नाही, सगळे पिसाऱ्याकडे बघतात.

"खरा," राजा म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

मग कासवरावांनी निकाल दिला. निकाल असा : झेंडा जाळणं हा गुन्हा आहे. मात्र झेंडा विरलेला किंवा फाटलेला असेल, तो पाणवठ्याजवळ जाळला, जाळणाऱ्याने मान खाली घातली, तीनदा 'आदर' असं मोठ्याने म्हटलं, आणि राख रीतीप्रमाणे पाण्यात सोडली, तर तो गुन्हा नसून सद्वर्तन आहे. झेंडा विरला की नाही, फाटला की नाही, हे वेणूबाई टिटवी बघतील.

वेणूने उरलेलं ऐकलंच नाही. ती तशीच उडाली, पुडीसकट. पाणवठ्यावर उतरली. पाण्यात पाय टाकला. पाणी हललं. झेंडा वाकडा झाला, लांबला, मोडला. आभाळ पडलं नाही. तिने राख सोडली. पोटापर्यंत बुडाली. एक घोट घेतला. तीनदा 'आदर' म्हणाली, आणि चौथ्यांदा अजून एक घोट घेतला.

मग ती माळावर गेली. भिवा बाजूला झाला. खडे इतके तापले होते, की ती अंड्यांवर बसली तेव्हा चर्र असा आवाज झाला.

"ओलं आहे का?" तिने विचारलं.

भिवाने चोच लावून बघितली. "ओलं आहे," तो म्हणाला. आणि मग इतका वेळ पसरून ठेवलेले पंख त्याने मिटले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच साळिंदर आला. हातात झेंडा.

"वेणूताई, बघ जरा. हा फाटलाय का?"

वेणूने बघितलं. झेंडा नवाकोरा होता. सुगरणीच्या चोचीचा वास अजून गेला नव्हता. पण त्याला सतरा भोकं होती.

"सखारामभाऊ, हा तर कालच विणलेला!"

"पाठीवर घेऊन आलो," साळिंदर म्हणाला. "माझी पाठ ही अशी. आता भोकं पडलेला झेंडा फडकवणं म्हणजे अपमान. फेकणं म्हणजे अपमान. तू सांग, काय करू?"

वेणूने त्याच्या कोरड्या ओठांकडे बघितलं. मग झेंड्याकडे. भोकं होती, त्याला ती काय करणार? खोटं बोलणं तिला येत नव्हतं.

"फाटलाय," ती म्हणाली.

साळिंदराने झेंडा पेटवला. मान खाली घातली. पण 'आदर' हा शब्द त्याच्या घशातून निघेना. काट्यासारखा अडकला. समोर पाणी चमकत होतं.

"आ..." तो म्हणाला. "आ... आद..."

"म्हणा," वेणू म्हणाली. "पाणी गार आहे."

"आदर! आदर! आदर!" साळिंदर एका दमात म्हणाला आणि राखेसकट पाण्यात कोसळला.

मग काय, रांगच लागली. अस्वलाने आणलेल्या झेंड्याला नखं लागली होती. हरणाच्या झेंड्यात शिंग अडकलं होतं. उंदरांचे झेंडे तर मुळातच कुरतडलेले. सगळे येत, मान खाली घालत, तीनदा ओरडत, आणि पोट भरेस्तोवर राख सोडत. बिचाऱ्या सुगरणींना मान वर करायला फुरसत राहिली नाही. झेंड्याला एवढी मागणी जंगलाच्या इतिहासात कधी नव्हती.

राजा गुहेच्या दारातून बघायचा. पाणवठ्यावर दिवसभर धूर, दिवसभर 'आदर, आदर'चा घोष. त्याचे डोळे भरून आले.

"प्रधानजी," तो म्हणाला, "बघा! कायदा केल्याबरोबर प्रजेचं झेंड्यावर प्रेम किती वाढलं!"

मोर पाणवठ्याकडे बघत होता. पाण्यात आता त्याला स्वतःचं एक पीसही धड दिसत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात राजाने साळिंदराला बोलावून त्याचा सत्कार केला. 'सर्वांत जास्त झेंड्यांना सन्मानाने निरोप देणारा आदर्श नागरिक' म्हणून. साळिंदर हादरला. "महाराज, मी निषेध..." असं काहीतरी तो म्हणायला लागला, पण तोवर कावळ्याने "जरा डावीकडे सरक" म्हणून त्याचं चित्र काढलं होतं. गळ्यात हार होता. हार काट्यांत अडकला तो निघेना. अजून आहे म्हणतात.

वेणू मात्र एकटीच कधीकधी गप्प व्हायची. आप्पांच्या गारगोट्या आता झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. पूर्वी वर्षाकाठी एक झेंडा जळायचा, तोही म्हातारा झालेला. आणि तिचे डोळे भरायचे. आता रोज ढीगभर कोवळे झेंडे जळत. ती मान खाली घालायची, तीनदा 'आदर' म्हणायची, आणि तिच्या मनात नेमकं काय आहे, ते तिला सांगता यायचं नाही. बरं झालं, आता कुणी विचारतही नव्हतं.

एके दुपारी ती ओल्या पोटाने अंड्यांवर बसली होती. खाली काहीतरी टिक्‌ वाजलं. वेणू दचकून उडाली आणि सगळं जंगल जागं केलं. मग परत आली. एका अंड्याला तडा गेला होता, आणि त्यातून एक इवलीशी चोच बाहेर आली होती.

टिटवीची पिल्लं जन्मल्याबरोबर चालायला लागतात. हेही चाललं. लुटुलुटु थेट पाणवठ्याकडे. काठाशी हवालदार उभा होता.

"ए, थांब! राख कुठाय?"

पिल्लाने वर बघितलं. मग आईकडे बघितलं. वेणूने घाईघाईने पंखाखालची एक चिमूट राख त्याच्या चोचीवर ठेवली.

पिल्लाने मान खाली घातली आणि पाणी प्यालं. हवालदाराने सलाम ठोकला.

तात्पर्य : मुलांनो, झेंडा रागाने कधीही जाळू नये. तसा तो एकदाच जळतो आणि सगळ्यांना दिसतो. आदराने जाळावा, म्हणजे रोज जळतो आणि कुणालाच दिसत नाही.